प्राणी पाहावयास कोठें जावें?

गेल्या वर्षीं पावसाळा संपतां संपतां नववीच्या वर्गास आम्हीं "मीं पाहिलेले प्राणी" हा विषय निबंधास दिला होता. विषय सोपा, मुलांच्या आवडीचा, व लिहिण्यास भरपूर वाव असलेला, अशी आमची समजूत होती. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां निराळाच प्रकार दृष्टीस पडला. ज्यांना मे महिन्याच्या सुटींत मुंबईस किंवा पुण्यास जावयास मिळालें होतें त्यांनीं तेथील प्राणिसंग्रहालयाचें वर्णन केलें होतें. परंतु त्या वर्णनांत प्रवासास दीड पान, खाण्यापिण्यास अर्धें पान आणि वाघास एक ओळ, अशी वांटणी होती. "वाघ झोंपला होता," "गर्दीमुळें वाघ दिसला नाहीं," "वाघासमोर आम्हीं फोटो काढला," येवढ्यांत वाघाचें काम आटोपलें होतें. ज्यांना बाहेरगांवीं जावयास मिळालें नव्हतें त्यांनीं पुस्तकांतली किंवा मोबाइलवर पाहिलेली माहिती उतरून काढिली होती. एका मुलीनें मात्र प्रामाणिकपणें चारच ओळी लिहिल्या होत्या. मी कधीं मुंबईस गेलें नाहीं, सबब मीं प्राणी पाहिलेले नाहींत, असा त्या ओळींचा आशय होता.

ही मुलगी समुद्राकांठच्या एका वाडींत राहते. त्याच वहींत, दोन पानें अलीकडे, "आमचें घर" या निबंधांत तिनें लिहिलें होतें कीं, परसांतल्या फणसावर वानरें येतात तीं आजीच्या हांकेस भीत नाहींत, वडिलांच्या हांकेस मात्र भितात. रात्रीं कोल्हे ओरडूं लागले कीं घरचीं कुत्रीं आधीं गप्प बसतात व मग भुंकूं लागतात. आणि थंडीच्या दिवसांत एके पहांटे वाळूवर कासवाच्या पायांची रुंद वाट उमटलेली तिनें पाहिली, ती एकीकडून वर चढून आली होती व दुसरीकडून समुद्रांत उतरली होती. इतक्या डोळसपणें पाहणारी मुलगी आपण प्राणी पाहिलेच नाहींत असें मानते, याचा अर्थ काय? प्राणी म्हणजे तिकीट काढून पाहावयाची वस्तु, असें कोणीतरी तिला शिकविलें असलें पाहिजे. कोणीं शिकविलें, याचा शोध करीत करीत आम्ही आमच्याच दाराशीं येऊन थांबलों. इतक्या वर्षांत शाळेच्या सहली कोठकोठें नेल्या, हें आठवून पाहिलें आणि उत्तर मिळालें.

हा लेख लिहिण्याचें कारण तेंच. शनिवार-रविवारला लागून एखादी सुटी आली कीं पुष्कळ पालक आम्हांस विचारतात, "मुलांना प्राणी दाखवावयाचे आहेत, कोठें न्यावें?" या प्रश्नाचें उत्तर आम्ही आजवर विशेष विचार न करितां देत आलों. यापुढें आमचें उत्तर असें राहील: पहिली सहल आपल्याच तालुक्याच्या किनाऱ्यावर न्यावी, दुसरी शेजारच्या अभयारण्यांत न्यावी, आणि प्राणिसंग्रहालय त्यानंतर दाखवावें. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा, ही म्हण आपण मुलांस पाठ करावयास लावितों; सहलीच्या बाबतींत ती आपणांसच लागू पडते.

आपल्या तालुक्याच्या पश्चिम टोंकास, सावित्रीच्या मुखापासून जवळच, वेळास नांवाचें गांव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तें नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव म्हणून येतें. गेल्या वीस-बावीस वर्षांत मात्र तें निराळ्याच कारणानें देशभर माहीत झालें आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत 'ऑलिव्ह रिडले' जातीच्या सागरी कासवांच्या माद्या रात्रीं या वाळूवर येतात, मागल्या पायांनीं सुमारें दीड फूट खोल खड्डा खणतात, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतात, खड्डा बुजवून वरची वाळू अंगानें चोपतात, आणि उजाडण्यापूर्वीं समुद्रांत निघून जातात. पिलांची विचारपूस करावयास त्या पुन्हां येत नाहींत. अंडीं उबविण्याचें काम वाळू करिते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिलें बाहेर पडतात. वाळू जास्त तापलेली असली तर त्यांत माद्या अधिक निपजतात, थंड असली तर नर अधिक. हजार पिलांतून एखादेंच मोठें होतें, असें जाणते लोक सांगतात.

पूर्वीं हीं अंडीं खणून काढून खाल्लीं जात व विकलीं जात. माणसांच्या हातून जीं सुटत तीं कोल्ह्याकुत्र्यांस सांपडत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांस समुद्रगरुडांची पाहणी करीत असतां या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांचीं टरफलें आढळलीं. त्यांनीं गांवकऱ्यांस व वनखात्यास बरोबर घेऊन रक्षणाचें काम आरंभिलें. आज काय होतें तें मुलांनीं प्रत्यक्ष पाहण्यासारखें आहे. भल्या पहांटे गांवचीं माणसें किनाऱ्यावरून फिरतात व मादीच्या पायांची वाट शोधतात. घरटें सांपडलें म्हणजे अंडीं हलक्या हातानें काढून कुंपणाच्या आंत तितक्याच खोलीच्या खड्ड्यांत ठेवितात, तारखेची पाटी लावितात, आणि दिवस भरत आले कीं त्या जागेवर टोपली पालथी घालतात. सकाळीं व संध्याकाळीं टोपली उचलून पाहतात. पिलें वर आलीं असलीं तर पाण्यापासून कांहीं अंतरावर तीं वाळूवर सोडतात. तेथून पुढची वाट पिलांनीं आपल्या पायांनींच चालावयाची असते. त्या चालण्यांतच जन्मभूमीची ओळख त्यांच्या अंगीं मुरते असें मानितात, कारण मोठ्या झालेल्या माद्या पुष्कळदां जन्मल्या किनाऱ्याच्या आसपासच अंडीं घालावयास परततात.

२००६ सालापासून येथें कासव महोत्सव भरूं लागला. बाहेरगांवचे पाहुणे गांवांतल्याच घरीं उतरतात व घरांतलेंच जेवतात. ज्या गांवीं अंडें विकून चार पैसे मिळत, त्या गांवीं अंडें राखल्यानें घरांत पैसा येऊं लागला. अर्थशास्त्राचा हा धडा कोणत्याही पिंजऱ्यासमोर उभें राहून शिकतां येणार नाहीं.

भूगोलाचाही धडा येथें आहे. २०२२ च्या जानेवारींत वेळासच्या किनाऱ्यावर आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाकडे खबर धाडणारें लहानसें यंत्र बसविण्यांत आलें, व तिचें नांव 'प्रथमा' असें ठेविण्यांत आलें. ती समुद्रांत कोणीकडे जाते हें त्यामुळें नकाशावर पाहतां येऊं लागलें. याहूनही नवलाची हकीकत गुहागरची आहे. पूर्व किनाऱ्यावर ओडिशांत २०२१ सालीं जिच्या पायास खुणेची पट्टी अडकविली होती ती मादी २०२५ च्या जानेवारींत आपल्याच जिल्ह्यांत, गुहागरच्या वाळूवर, अंडीं घालतांना सांपडली. विद्यार्थिमित्रांनो, नकाशा उघडा आणि हा रस्ता बोटानें काढून पाहा. सबंध दक्षिण भारतास वळसा घालून आलेली ही पाहुणी आपल्या जिल्ह्याचा किनारा ओळखते. आपणांपैकीं कितीजण तो ओळखतात?

आतां कित्येक पालक एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. "वेळासास जावें, एक रात्र राहावें, आणि कांहींच दिसूं नये, असें झालें तर? प्राणिसंग्रहालयांत निदान वाघ ठरल्या जागीं असतो." या शंकेस आम्ही पुस्तकी उत्तर देणार नाहीं, कारण तसा प्रसंग आमच्यावर येऊन गेलेला आहे. तीन वर्षांपूर्वीं कांहीं शिक्षक व कांहीं पालक मिळून आम्ही वीस-पंचवीस मुलांस घेऊन तेथें गेलों होतों. संध्याकाळीं टोपल्या उचलल्या, खालीं वाळू. रात्रीं मुलांना झोंप नव्हती. सकाळीं पुन्हां उचलल्या, पुन्हां वाळूच. परतीच्या गाडींत बसतांना एक गृहस्थ म्हणाले, "भाडें फुकट गेलें." खरें सांगावयाचें तर आम्ही स्वतःही खट्टू झालों होतों, आणि त्या गृहस्थांस काय उत्तर द्यावें हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं.

पण मुलांनीं काय केलें तें नंतर आमच्या ध्यानांत आलें. तीं राखणदाराच्या भोंवतीं कोंडाळें करून बसलीं होतीं. एका टोपलीखालीं वाळू किंचित् खचलेली होती. आंत पिलें हलूं लागलीं म्हणजे वरची वाळू अशी खचते, असें त्यानें दाखविलें. झालें, आज निघतील कीं उद्यां, यावर मुलांची पैज लागली. पाटीवरची तारीख वाचून दिवस मोजण्यांत आले. गणितांत कच्च्या म्हणून आमच्या वहींत नोंदलेल्या एका मुलानें तो हिशेब सर्वांआधीं केला. दोन दिवसांनीं वेळासाहून खबर आली कीं, त्याच टोपलीखालून पिलें निघालीं व समुद्रांत गेलीं. वर्गांत त्या दिवशीं जो जल्लोष झाला तो डोळ्यांनीं पाहिलेल्या वाघासाठीं आम्हीं कधीं ऐकला नाहीं. जीव आपल्या वेळेनें येतो, आपल्या सोयीनें येत नाहीं, ही गोष्ट त्या मुलांस कळली. भाडें फुकट गेलें नव्हतें, असें आज आम्ही त्या गृहस्थांस सांगूं शकतों.

येथवर वाचून कोणी असा ग्रह करून घेईल कीं, आम्ही प्राणिसंग्रहालयांच्या विरुद्ध आहों. तसें मुळींच नाहीं. दूरदेशींचे प्राणी पाहण्याची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. वेळासच्या नाना फडणविसांनीं ज्यांच्या नांवानें राज्य चालविलें त्या सवाई माधवरावांचा शिकारखाना पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं होता, व त्यांतील गेंड्याचें चित्र गंगाराम तांबट नांवाच्या पुण्याच्या चित्रकारानें १७९० सालीं काढिलें, तें आजही पाहावयास मिळतें. मुंबईस भायखळ्याचें उद्यान १८६२ सालीं लोकांस खुलें झालें. आपले आजे-पणजे त्यास राणीची बाग म्हणत. आज त्याचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. राजांच्या करमणुकीची वस्तु तेथें सर्वसामान्य मनुष्यास पाहावयास मिळूं लागली, हा फरक लहान नाहीं.

पिंजऱ्यांचें रूपही पालटत आलें आहे. जर्मनींत हांबुर्ग शहराजवळ कार्ल हागेनबेक यानें १९०७ सालीं गजांऐवजीं खंदक ठेवून प्राण्यांस मोकळ्या जागेंत राखण्याची पद्धत लोकांपुढें मांडिली, व ती हळूहळू सर्वत्र पसरली. पुण्याजवळ कात्रज येथें १९९९ पासून असलेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत तळ्याकांठच्या विस्तीर्ण आवारांत प्राणी ठेविलेले आहेत. तेथेंच जखमी व पोरक्या प्राण्यांची शुश्रूषा होते. कांहीं जाति तर प्राणिसंग्रहालयांमुळेंच जगल्या. अरबस्तानांतील पांढरें ओरिक्स हरिण १९७२ सालीं रानांतून नाहींसें झालें होतें. संग्रहालयांत राखलेल्या कळपांची पैदास वाढवून १९८२ सालीं तें ओमानच्या वाळवंटांत पुन्हां सोडण्यांत आलें. ज्या जागेनें एका जातीचा वंश वांचविला तिला निव्वळ तुरुंग म्हणणें अन्यायाचें होईल.

आमची तक्रार संग्रहालयाविषयीं नाहीं. तें पाहण्याच्या आपल्या रीतीविषयीं आहे. दोन तासांत शंभर पिंजरे उरकावयाचे, झोंपलेल्या जनावरास हांका मारावयाच्या, माकडास दाणे फेंकावयाचे, आणि "चला, झालें पाहून" म्हणून बाहेर पडावयाचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें संग्रहालयांतील प्राण्यास डिवचणें, त्यास खावयास घालणें, तेथें कचरा टाकणें हे गुन्हे आहेत. परंतु कायद्याहूनही मोठी गोष्ट अशी कीं, वडील मनुष्य जें करितो तें बरोबरचें मूल शिकतें. दगड मारून उठविलेल्या वाघापासून मूल काय शिकेल? बळवंतासही गजांआड कोंडला म्हणजे कोणीही दगड मारावा, येवढेंच. दोन दिवसांच्या सहलींत मुलाच्या हातीं हें ज्ञान देऊन परतण्यापेक्षां घरीं बसलेलें बरें.

तेव्हां सहल कशी आंखावी, याविषयीं आम्हांस जें अनुभवानें कळलें आहे तें पालकांच्या सोयीसाठीं थोडक्यांत सांगतों.

पहिली सहल वेळास व बाणकोट. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंतचा काळ चांगला. निघण्यापूर्वीं गांवांत विचारून घरटीं किती दिवसांचीं झालीं आहेत हें समजून घ्यावें. तरीही पिलें दिसतीलच असें मुलांस वचन देऊं नये. शनिवारीं सकाळीं निघावें, दुपारीं बाणकोटचा किल्ला पाहावा. अठराव्या शतकाच्या मध्यास तो इंग्रजांच्या हातीं गेला व त्यांनीं त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव दिलें. तटावरून सावित्रीचें मुख स्पष्ट दिसतें. संध्याकाळीं व दुसऱ्या दिवशीं सकाळीं किनारा. मधल्या वेळांत खाडीकांठचीं कांदळवनें भरती-ओहोटीस कशीं पालटतात हें मुलांस पाहूं द्यावें. आकाशाकडेही नजर असावी; पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड या किनाऱ्यावर आढळतो. खर्च इतका थोडा कीं, ज्या पालकांस मुंबईची सहल परवडत नाहीं त्यांचीं मुलेंही मागें राहत नाहींत. शाळेच्या दृष्टीनें आम्हांस हा गुण सर्वांत मोठा वाटतो.

दुसरी सहल फणसाड. वेसवीहून फेरीबोटीनें सावित्री ओलांडून बागमांडल्यास उतरावें, तेथून श्रीवर्धनमार्गें दिघीस जावें, पुन्हां फेरीबोटीनें आगरदांड्यास पोंचावें, म्हणजे मुरूड जवळ आलें. फणसाडचें रान पूर्वीं जंजिऱ्याच्या नबाबाचें शिकारीचें रान होतें. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. जेथें नेम धरून बसत तेथें आतां श्वास रोखून बसावयाचें. येथें बिबळ्या आहे, पण तो दिसेल या आशेनें जाऊं नये. शेकरू, म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, झाडाच्या शेंड्यांतून उडी घेतांना दिसला तर भाग्य समजावें. गिधाडांची गोष्टही मुलांस या वाटेवरच सांगावी. गुरांस दिलेलें डायक्लोफिनॅक नांवाचें वेदनाशामक औषध मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, व त्यामुळें देशांतलीं गिधाडें झपाट्यानें मेलीं. गुरांसाठीं या औषधावर २००६ सालीं बंदी आली. आपल्या गोठ्यांतली एक सुई आकाशांतला पक्षी कसा पाडते, हें शेतकऱ्याच्या मुलास दुसऱ्यापेक्षां लवकर समजेल.

तिसरी सहल मुंबईची, किंवा तिच्या ऐवजीं पुण्याची. मुंबईस शनिवारीं राणीची बाग पाहावी. २०१६ सालीं परदेशांतून आणिलेले हंबोल्ट पेंग्विन २०१७ पासून तेथें लोकांस पाहावयास मिळतात. पेंग्विन म्हणजे केवळ बर्फांतला पक्षी ही चुकीची समजूत त्यांस पाहून जाईल, कारण ही जात मुळची दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे. बागेंतील जुने वृक्षही प्राण्यांइतकेच पाहण्याजोगे आहेत. रविवारीं बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान महानगराच्या पोटांत आहे, आणि त्यांत बिबळे मोकळे राहतात. आदल्या दिवशीं राखलेला प्राणी व दुसऱ्या दिवशीं मोकळें रान, असें लागोपाठ पाहिलें म्हणजे मुलें आपण होऊन तुलना करूं लागतात. राणीची बाग व कात्रज हीं दोन्ही बुधवारीं बंद असतात, व बोरिवलीचें उद्यान सोमवारीं बंद असतें, हें सुटी जोडून जाणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. दाराशीं जाऊन परतलेल्या मंडळींच्या हकीकती आम्हीं पुष्कळ ऐकल्या आहेत.

कोठेंही जा, पण सर्व पाहण्याचा हट्ट धरूं नका. घरून निघतांनाच मुलानें तीन प्राणी ठरवावे, व प्रत्येकापुढें निदान वीस मिनिटें उभें राहावें. तो काय खातो, कान केव्हां टवकारतो, माणसांकडे पाहतो कीं पाहण्याचें टाळतो, तो एकटा आहे कीं जोडीनें, हें लिहून घ्यावें. फोटो शेवटीं काढावा. फोटो आधीं काढला कीं पाहणें संपतें, असा आमचा नित्याचा अनुभव आहे.

एकच प्राणी नीट पाहण्यापासून केवढें काम उभें राहूं शकतें, याचें उदाहरण आपल्या प्रांतांतच आहे. १९०८ सालीं मुंबईंतील एका बारा वर्षांच्या मुलानें खेळांतल्या बंदुकीनें एक चिमणी मारिली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही नेहमींची चिमणी दिसत नाहीं, मग ही कोण, हा प्रश्न त्यास स्वस्थ बसूं देईना. मामांनीं त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटींत पाठविलें. तेथील चिटणीस मिलर्ड साहेबांनीं पक्ष्याचें नांव तर सांगितलेंच, शिवाय सोसायटीचा पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. तो मुलगा म्हणजे पुढें जगप्रसिद्ध झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली. ती सोसायटी १८८३ सालीं ज्या आठ गृहस्थांनीं स्थापिली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले डॉक्टर होते, हें मुलांस सांगण्यासारखें आहे. मामांनीं त्या दिवशीं "चिमणीच ती, टाकून दे" असें म्हटलें असतें तर काय झालें असतें, याचा विचार पालकांनीं करावा. आपल्या घरीं रोज असा एखादा प्रश्न विचारला जातो, आणि बहुधा आपण "टाकून दे" असेंच म्हणतों.

शेवटीं एक इशारा, व तो आमच्याच मताविरुद्ध जाणारा आहे. आम्ही वेळासास जा म्हणतों. पण सर्वचजण एकाच रविवारीं गेले तर काय होईल? तान्हीं पिलें क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखानें पाण्याकडे जातात. मागून मोबाइलचा दिवा चमकला तर तीं वाट चुकतात. दोरी ओलांडून पुढें आलेल्या पायांखालीं काय येईल हें सांगवत नाहीं. पिलूं तळहातावर घेऊन फोटो काढण्याचा मोह कित्येकांस आवरत नाहीं. सागरी कासव कायद्यानें वाघाइतकेंच संरक्षित आहे, तें हाताळण्याचा अधिकार पाहुण्यास नाहीं. सबब मोठ्या सुटीचा दिवस टाळावा, पंधरा-वीसांहून अधिक मुलें एका वेळीं नेऊं नयेत, राखणदार सांगेल तेथेंच उभें राहावें, दिवा व आवाज बंद ठेवावा, व आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा. हे नियम ज्यांस जाचक वाटतात त्यांनीं खुशाल दुसरीकडे जावें. त्यांच्या न जाण्यानें कासवांचें भलेंच होईल.

असो. या वर्षापासून शाळेच्या वाचनालयांत एक जाड नोंदवही ठेविली आहे. तिच्यांत कोणत्याही इयत्तेच्या मुलानें आपण स्वतः पाहिलेल्या प्राण्याची नोंद करावी: तारीख, वेळ, ठिकाण, प्राणी काय करीत होता, व आपणांस काय कळलें नाहीं. प्राणी मुंबईच्या पिंजऱ्यांतला असो कीं आपल्या कौलांवरचा असो, दोहोंस वहींत सारखीच जागा आहे. पालकांस विनंति इतकीच कीं, सहलीहून परतल्यावर मुलास "काय काय पाहिलेंस?" असें विचारण्याऐवजीं "कोणास पाहिलेंस, आणि तो काय करीत होता?" असें विचारावें, व उत्तर पुरें होईपर्यंत ऐकावें.

वहींतली पहिली नोंद करण्यासाठीं आम्हीं त्या चार ओळींच्या मुलीस बोलाविलें होतें. तिनें बराच वेळ विचार केला आणि वाळूवरच्या त्या वाटेची नोंद केली. शेवटच्या रकान्यांत तिनें लिहिलें आहे: "कासव दिसलें नाहीं. अंडीं कोठें होतीं तें कळलें नाहीं. पुढच्या वर्षीं लवकर उठणार."

तिच्या घरचीं माणसें तिला त्या पहांटे उठवितील, अशी आमची आशा आहे.